तांब्याची सुरी, शिंगाची मूठ

श्रोतेहो, आज मी तुम्हाला एका सुरीबद्दल सांगणार आहे. सुरी तांब्याची आहे आणि मी ती स्वतःच्या हाताने केली आहे. तिची मूठ हरणाच्या शिंगाची असणार होती. ती तशी का झाली नाही, तेही ओघात येईलच.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवचा. संत नामदेवांची जन्मभूमी म्हणून हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे, पंजाबातल्या भाविकांनाही ठाऊक आहे. आमची नदी कयाधू. नोकरीची सगळी वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले आणि शिक्षक कमी पडले की इतिहासही. एका वर्षी धातूंचा धडा चालू होता. तांबे मऊ असते, त्याची तार निघते, पत्रा निघतो, म्हणून तारा आणि भांडी तांब्याची करतात, हत्यारे मात्र लोखंडाची, असे मी फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, मागच्या आठवड्यात तुम्हीच शिकवलं की जोर्व्याच्या लोकांकडं तांब्याच्या कुऱ्हाडी होत्या. तांबं मऊ असलं तर कुऱ्हाड कशाला केली?"

मी म्हणालो, पूजेसाठी केल्या असतील, नाहीतर मिरवायला. मुलगी खाली बसली, पण तिला ते पटले नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नाही. शिक्षकाला उत्तर येत नसले की तो "पूजेसाठी" म्हणतो. ही खोड माझ्या एकट्याचीच असेल असे वाटत नाही.

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातले प्रवराकाठचे गाव. 1950-51 साली प्रा. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले. तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली आणि महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीला या लहानशा गावाचे नाव मिळाले. काळ साधारण इसवी सनापूर्वी 1400 ते 1000, म्हणजे आजपासून तीन हजार वर्षांपलीकडचा. पुढे नेवासे, दायमाबाद, इनामगाव इथे त्याच संस्कृतीची गावे सापडली. पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी चांडोलीला 1960 साली उत्खनन झाले, तिथे तांब्याचा एक खंजीर निघाला. त्याच्या पात्याच्या मधोमध उभा कणा आहे. मुठीकडचे टोक दोन फाट्यांत उलगडलेले आहे, झुरळाच्या मिशा असतात तसे. हा कणा आणि या मिशा कशासाठी, हे मला पुस्तकातून कळले नव्हते. हातात हातोडा घेतल्यावर कळले.

पण याच गावांमधली दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. इनामगावला 1968 पासून बरीच वर्षे डेक्कन कॉलेजने खणले. तिथे तांब्याच्या वस्तू थोड्या, आणि दगडाची पाती हजारांनी. हा दगड म्हणजे आपल्या काळ्या खडकात पांढरट, दुधी, कधी तांबूस गारा सापडतात त्यातला. कयाधूच्या वाळूतही तो पायाला लागतो. त्यापासून बोटाच्या पेराएवढी पाती काढायची, लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवायची, की झाला विळा. म्हणजे रोजचे कापणे दगडाचे आणि तांबे जपून वापरायचे. तांबे लांबून येत असणार. राजस्थानातल्या अरवलीच्या खाणींकडे अभ्यासक बोट दाखवतात. ते महाग होते. तरी ते आणत होते, आणि त्याची कुऱ्हाड करत होते.

युरोपातही हेच चित्र दिसते. 1991 साली इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात सव्वापाच हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला. ओत्झी या नावाने तो जगभर प्रसिद्ध झाला. त्याच्याजवळ जवळजवळ शुद्ध तांब्याची कुऱ्हाड होती, दांड्यासकट. भात्यात हरणाच्या शिंगाचे तुकडे होते. कमरेची सुरी मात्र चकमकीच्या दगडाची, लाकडी मुठीची. तांबे परवडणारा माणूसही सुरी दगडाचीच बाळगत होता.

मग मी ठरवले, वाद घालण्यापेक्षा सुरी करूनच पाहावी.

तांबे कुठून आणायचे? घरात आजीचे फुटके घंगाळ होते, पण त्याचा पत्रा पातळ, आणि त्याला कात्री लावायला घरातून परवानगीही मिळाली नाही. शेवटी विजेच्या सामानाच्या दुकानातून अर्थिंगची पट्टी आणली. ही पट्टी पंचवीस मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड असते, आणि तांबे अगदी शुद्ध. वीतभर तुकडा घेतला, तो तराजूत दीडशे ग्रॅमच्या आत भरतो. लोखंड कापायच्या करवतीने सुरीचा आकार कापला. मुठीत जाणारा भाग निमुळता ठेवला, त्याला मी शेपूट म्हणतो.

यापुढचे काम दोनच गोष्टींचे, विस्तव आणि हातोडा. कोळशाच्या शेगडीत पाते घालायचे, पंख्याने वारा द्यायचा, आणि सावलीत मंद लाल दिसू लागले की सांडशीने उचलून पाण्यात टाकायचे. हे उन्हात करू नये, लाली दिसत नाही. मी संध्याकाळी दिवा लावायच्या आधी करत असे. पाण्यात टाकल्यावर काळा पापुद्रा सुटून तळाशी बसतो आणि पाते गुलाबी निघते. आता ते इतके मऊ असते की दोन्ही हातांनी वाकवावे. लोखंडाची सवय असलेल्याला हे उलटे वाटते. तापलेले पोलाद पाण्यात बुडवले की कडक होते, त्यालाच आपण विळ्याला पाणी देणे म्हणतो. तांब्याला पाणी द्या की हळूहळू निवू द्या, काही फरक नाही. तापले की ते मऊ झालेच. पाण्याने फक्त काळपट साल निघते आणि आपला वेळ वाचतो.

मऊ पाते ऐरणीवर ठेवून धारेची बाजू ठोकायची, एकदा या अंगाने, एकदा त्या. कड पातळ होते तशी लांब होते आणि सगळे पाते पाठीकडे वाकते, केळ्यासारखे. म्हणून आधीच त्याला उलट्या बाजूने थोडा बाक द्यावा लागतो. हे मला दुसऱ्या सुरीच्या वेळी सुचले. ठोकता ठोकता तांबे कडक होत जाते. ते कसे ओळखायचे? श्रोतेहो, हे ऐकून ओळखायचे असते. मऊ तांब्यावर हातोडा पडला की "थप्प" असा बसका आवाज येतो. वीस-तीस घाव बसले की आवाज चढतो, आणि शेवटी "टण" असा वाजतो. तो आवाज आला की थांबायचे आणि पुन्हा विस्तवात घालायचे. लोभाने चार घाव जास्त घातले तर कडेला केसासारखी चीर पडते, आणि चीर पडली की तेवढा भाग कानशीने काढून टाकण्यावाचून इलाज नाही. असे मी पाच-सहा वेळा केले.

पहिल्या सुरीला मूठ बाभळीची घातली. ती बसवायला आमच्या गावच्या लोहारदादांकडे गेलो. विळ्याचा दांडा बसवतात तशीच त्यांनी ती बसवली. शेपूट भट्टीत लाल केले, लाकडात ठोकले, धूर निघाला आणि मूठ घट्ट बसली. कामात काही खोट नव्हती. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ऐटीत काकडी कापून दाखवली. मग एकाने डब्यातली कैरी दिली. पाते कोयीपर्यंत गेले आणि वळले. पोरे हसली. ती मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "सर, तुमचं काहीतरी चुकलं असंल."

चूक कळायला पुण्याला जायचे निमित्त व्हावे लागले. एका लग्नासाठी गेलो होतो. कसबा पेठेतल्या तांबट आळीचे नाव ऐकून होतो. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती, तिथे आवाजाच्या मागाने जावे लागते. एक वयस्क कारागीर हंडा मठारत बसले होते. मठारणे म्हणजे भांडे घडून झाल्यावर त्याच्या अंगभर हातोडीचे सारखे, जवळजवळ घाव घालणे. भांड्यावर चकाकणारे गोल ठसे उमटतात ते त्याचेच. ते नक्षीसाठी करतात असे मी समजत होतो. मी पिशवीतून सुरी काढून दिली. त्यांनी पात्यावर नखाने टिचकी मारली आणि कान दिला.

"ही मेलेली आहे," ते म्हणाले. "शेवटचा विस्तव कधी दाखवला?"

"मूठ बसवताना. शेपूट लाल केलं होतं."

"मग तिथंच गेली. तांब्याला पाणी नसतं, मास्तर. लोखंडाला पाणी देतात, तांब्याला मार देतात. आणि मार दिल्यावर पुन्हा आग दाखवायची नाही."

मठारल्याशिवाय हंडा उचलला तर काठाला पिचतो, हेही त्यांनी सांगितले. ठसे दिसतात छान, पण ते आधी बळकटीसाठी असतात.

मी विज्ञानाचा शिक्षक. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक आहे हे मी दरवर्षी शिकवले आहे. साध्या पोलादापेक्षा ते सात-आठपट वेगाने उष्णता वाहून नेते. विळ्याचे शेपूट लाल केले तरी धार थंड राहते, म्हणून लोहाराची रीत विळ्याला बरोबर आहे. तांब्याचे शेपूट लाल होईपर्यंत धारेपर्यंतचे सगळे पाते तापून गेलेले असते. म्हणजे दोन दिवस ठोकून आणलेला कडकपणा मूठ बसवताना दोन मिनिटांत गेला होता. फळ्यावर लिहिलेली दोन वाक्ये माझ्या हातात एकत्र आली नव्हती, एवढेच.

तांब्यात हे होते कसे? धातूच्या आत अणूंच्या रांगा रचलेल्या असतात, आणि त्या रचनेत जागोजाग दोष असतात. घाव बसला की हे दोष सरकतात, म्हणून धातू पसरतो. पण प्रत्येक घावाने नवे दोष तयार होतात आणि ते एकमेकांत अडकतात, विस्कटलेल्या सुतासारखे. मग सरकणे अवघड होते, यालाच आपण कडक झाले म्हणतो. तापवले की रांगा नव्याने लागतात, गुंता सुटतो. कठीणपणा मोजायच्या विकर्सच्या मापाने मऊ तांबे पन्नासच्या आसपास भरते, थंड ठोकलेले शंभराच्या वर जाते. चांगल्या पोलादी सुरीच्या ते जवळपासही नाही, पण नुसत्या कच्च्या लोखंडाशी बरोबरी करते. प्राचीन लोकांना तांबे पोलादासारखे करण्याची गुप्त विद्या होती आणि ती लोप पावली, असे अधूनमधून छापून येते. ती विद्या तांबट आळीत रोज सकाळी ऐकू येते, आणि तिने तांब्याचे पोलाद होत नाही. जोर्व्याच्या एका कुऱ्हाडीत थोडे कथीलही आढळले. कथील मिसळले की तांबे आणखी कडक होते, पण कथील त्या काळी तांब्याहूनही दुर्मीळ होते.

आता शिंगाकडे येतो. दुसऱ्या सुरीला मूठ हरणाच्या शिंगाची घालावी असा माझा हट्ट होता. आपल्या भाषेत शिंग हा एकच शब्द आहे, आणि त्याने फार घोटाळा होतो. गाय, म्हैस, शेळी यांचे शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि वर नखाच्या जातीचे टोपण. ते जन्मभर राहते. चितळ, सांबर, बारशिंगा यांचे फाटे फुटलेले शिंग मात्र सबंध हाडच असते. ते फक्त नराला येते, मखमली कातडीखाली वाढते, दरवर्षी गळते आणि नवे येते. आमच्या मराठवाड्यात शेतात शिरते त्याला आम्ही हरीण म्हणतो, पण ते बहुतेक वेळा काळवीट असते, आणि काळविटाचे पिळदार शिंग पहिल्या जातीचे, न गळणारे. म्हणजे ज्याला आम्ही हरणाचे शिंग म्हणतो त्याची ही मूठ नव्हेच. सुरीला हवे ते चितळाचे किंवा सांबराचे. बाहेरून घट्ट, आतून स्पंजासारखे, त्यामुळे शेपूट आत छान धरून बसते. वरचा खडबडीतपणा ओल्या हातातूनही सुटत नाही. जगभर सुऱ्यांना ही मूठ का आवडली ते यावरून कळते.

माझा मेहुणा पैनगंगेच्या जंगलाकडचा. तो म्हणाला, "दाजी, जंगलात पडलेलं असतंय की. जनावर मारायचं कामच नाही. एक आणून देतो."

मलाही तेच वाटत होते. पण शाळेत मुलांपुढे ठेवायची वस्तू, म्हणून आधी विचारून घेतले, आणि बरे झाले विचारले. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. त्यात वन्य प्राण्याचे शिंग, हाड, नख हे सगळे येते. गळून पडलेले शिंग उचलून घरी आणले तरी ते आपले होत नाही. अशी वस्तू हाती आलीच तर अठ्ठेचाळीस तासांत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. पडलेल्या शिंगाने कोणाचे काय बिघडते, असे मेहुण्याने विचारले. एक तर पडलेले कोणते आणि पाडलेले कोणते हे मुठीवरून सांगता येत नाही. दुसरे म्हणजे जंगलात ते वाया जात नाही. साळिंदर अशी शिंगे कुरतडून खाते, त्यातला चुना त्याला हवा असतो. मेहुणा म्हणाला, "मग साळिंदराला राहू द्या." आणि तो विषय मिटला.

मी मेलेल्या म्हशीचे शिंग घेतले. सावंतवाडीला पूर्वीपासून शिंगाच्या सुंदर वस्तू होतात, तेव्हा हा कमी प्रतीचा माल आहे असे कोणी समजू नये. शिंगाचे टोक भरीव असते, मूठ तेवढ्याच भागाची होते. उकळत्या पाण्यात ठेवले की ते थोडे नरम पडते. कानस मारताना केस जळल्यासारखा वास येतो, त्यामुळे हे काम अंगणातच करावे, घरच्यांचा तसा आग्रहच असतो. गिरमिटाने शेपटाएवढे भोक पाडले. लाख वितळवली, तिच्यात विटेची वस्त्रगाळ पूड कालवली आणि भोकात भरून शेपूट रोवले. तलवारीच्या मुठी अशाच बसवत. लाख वितळायला उकळत्या पाण्याइतकीही उष्णता लागत नाही, त्यामुळे पात्याचा कडकपणा शाबूत राहतो.

पात्यातही मी बदल केला होता. शेवटच्या फेरीत विस्तव दाखवला नाही, फक्त ठोकले. आणि चांडोलीच्या खंजिराचा कणा आठवून पाठ जाड ठेवली. मऊ धातूचे पाते सगळीकडे सारखे पातळ असेल तर वळते, मधोमध किंवा पाठीला जाडी असेल तर ताठ राहते. मुठीकडच्या त्या मिशांचाही उलगडा झाला. नुसते निमुळते शेपूट जोर लावला की मुठीत फिरते. टोकाला दोन फाटे असले तर बांधलेली मूठ फिरतही नाही आणि निसटतही नाही. धार लावताना दगडावर फार कमी घासायची, घासल्याने कडक झालेलेच तांबे निघून जाते. बोथट झाली की आधी बारीक हातोडीने कड ठोकायची. शेतकरी फाळ शेवटून आणतो तसेच, फक्त विस्तवाशिवाय.

ही सुरी कैरीच्या कोयीवर वळली नाही. पेरू, दोडका, सुतळी, कोवळी फांदी ती नीट कापते. जाड चामड्यावर घसरते. लिंबू, चिंच, टोमॅटो तिने कापू नये, आंबट लागले की कळकते, आणि ती फोड खाण्याजोगी राहत नाही. आठवडाभर रोज वापरली तर दोनदा तरी कड ठोकावी लागते.

सुरी वर्गात नेली त्या दिवशी ती मुलगी कयाधूच्या वाळूतली गारेची एक कपची घेऊन आली होती. हातोड्याने दगड फोडून आपसूक निघालेली, काचेसारख्या कडेची. (मुलांनी हे घरी करू नये, उडालेला कण डोळ्यात जातो. तिने न विचारता केले होते.) टाकून दिलेल्या चपलेचा पट्टा आम्ही टेबलावर ठेवला. माझ्या सुरीने दहा-बारा वेळा घासून तो अर्धा कापला. तिच्या कपचीने दोनदा ओढले आणि पट्टा दोन तुकडे झाला.

मी म्हणालो, "बघ, म्हणजे मी म्हणत होतो ते अगदीच खोटं नव्हतं."

तिने कपची टेबलावर आपटून पाहिली, ती फुटली. मग माझी सुरी आपटली. कडेला एक खळगा पडला. ती म्हणाली, "सर, ही तुम्ही पुन्हा ठोकून नीट करताल. माझी गेली." आणि थोडे थांबून, "मोडली तर वितळवून दुसरी पण होती ना हिची?"

होती. तांबे 1085 अंशांना वितळते, आपल्या चुलीत नाही, पण भात्याच्या कोळशात होते. गारेचे पाते फेकले की फेकले. तांब्याची कुऱ्हाड मोडली तर तिची छिन्नी होते, छिन्नी झिजली तर गळ किंवा मणी. जोर्व्याच्या माणसाने लांबून आणलेले तांबे असेच फिरवून फिरवून वापरले असणार. उत्खननात तांबे इतके थोडे का सापडते, याचे एक कारण हेही असावे.

सुरी शाळेच्या कपाटात आहे. तो खळगा मी ठोकून काढला, पण पुरता गेला नाही. बोट फिरवले की अजून लागतो.